सतरा नंबरचा काटा

मित्रांनो, व्हिसाच्या त्या फॉर्मवर 'सहल' हा शब्द लिहून एजंट श्रीनाथच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी तोलून घेऊ. पंधरा दिवसांचं काम तीन दिवसांत उरकलं असतं. त्याच्या गिऱ्हाईक सुलूबाई, त्यांच्या परदेशातल्या मुलीचं पत्र, जावयाच्या नोकरीचा दाखला, तिकडच्या डॉक्टरांचा कागद, यातलं काहीच मागवावं लागलं नसतं. शिवाय नानाखेड्याच्या एका अख्ख्या कॉलनीत त्याचं नाव झालं असतं. कारण सुलूबाई एखाद्याला चांगलं म्हणाल्या की ते तिथे छापून आल्यासारखंच असतं. एकूण नफा बरा होता. तोटा कोणाचा, हे विचारायला फॉर्मवर रकाना नव्हता.

मला हे ठाऊक आहे, कारण मी तिथेच भिंतीला लटकलेला होतो. मी एक जुना तानकाटा आहे. तानकाटा हे माझं शाळेच्या पुस्तकातलं नाव. इथे उज्जैनच्या फ्रीगंजात मला नुसता काटा म्हणतात. घड्याळासारखी गोल तबकडी, वर कडी, खाली आकडा, आणि पोटात एक स्प्रिंग. पंचवीस किलोपर्यंत काहीही अडकवा, मी खरं सांगतो. कारखान्यात मला घडवलं तेव्हा एका चष्मेवाल्या माणसाने माझ्या आकड्याला एकामागून एक वजनं लावली, सुई बघितली आणि पाठीवर थाप मारून मला पेटीत ठेवलं. आयुष्यात मिळालेलं ते पहिलं कौतुक. मला वाटलं, आता नशिबी धान्याचं दुकान. पण माझ्या वाट्याला माणसाची पिल्लं आली.

उज्जैनपासून तासाभरावरच्या एका गावात मी अंगणवाडीत लागलो. माझ्या पाठीवर लाल ऑइलपेंटने सतराचा आकडा काढला, मला तुळईला टांगलं आणि आकड्याला कापडाची झोळी लावली. दर महिन्याला गावातली मुलं एकेक करून त्या झोळीत बसायची. कोणी रडायचं, कोणी हसायचं, कोणी झोळी ओली करून निवांत व्हायचं. मी सुईने आकडा दाखवायचो आणि सेविकाबाई तो रजिस्टरात लिहायच्या. हिरव्या पट्ट्यात आलेलं मूल बरं, पिवळ्यातलं काळजीचं आणि लाल पट्ट्यातलं धोक्याचं. लाल पट्ट्यातल्या मुलाला जास्तीचा आहार मिळे, दवाखान्यात नेलं जाई.

महिन्यातून एकदा लूनावर बसून सुपरवायझरबाई यायच्या. याच सुलूबाई. घरच्यांची आणि मैत्रिणींची सुलू, कागदावर सुलभा. त्यांच्या पिशवीत वाण्याकडून मागून आणलेलं दोन किलोचं वजन असे. आल्या की आधी झोळी काढायला लावायच्या, माझ्या डोक्यावरचा स्क्रू फिरवून सुई जागेवर आणायच्या आणि म्हणायच्या, "आधी शून्य. शून्यच खोटं असेल तर पुढचं सगळं खोटं." मग ते वजन लावून बघायच्या. सुई बरोबर दोनवर थांबली की माझ्याकडे अशा बघायच्या, जसं काही पोरगं पहिलं आलंय.

त्या गावात रामकन्या नावाची दोन वर्षांची मुलगी होती. एका महिन्यात ती झोळीत बसली आणि सुई सात किलो आठशेवर थांबली. ते लाल पट्ट्यातलं वजन. सेविकाबाई दुष्ट नव्हत्या. पण लाल नोंद झाली की वरून प्रश्न येतात, आणि त्या महिन्यात आधीच दोन लाल नोंदी झालेल्या होत्या. त्यांनी सातचा नऊ केला. एका आकड्याने पोरगी हिरव्या पट्ट्यात गेली. त्याच दुपारी सुलूबाई आल्या, पण त्यांना आणखी दोन गावं उरकायची होती. झोळीपर्यंत त्या आल्याच नाहीत. टेबलावरच्या रजिस्टरवर सही केली आणि लूनाला किक मारली.

दोन महिन्यांनी रामकन्येची झोळी रिकामी राहिली. ती का राहिली, हे तुम्हाला सांगायला नको. सुलूबाई धावत आल्या. रजिस्टर उघडून सातवर गिरवलेला तो नऊ बघत बसल्या. मग माझ्याखाली येऊन उभ्या राहिल्या आणि रिकाम्या झोळीत तळहात ठेवला. सुई जराशी हलली. त्यांनी हात काढला आणि ती परत शून्यावर येईपर्यंत तिथेच थांबल्या.

पुढे बॅटरीवर चालणारे काटे आले. मी आधी कपाटात, मग पोत्यात आणि शेवटी भंगारात गेलो. तिथून श्रीनाथने मला उचललं. टावर चौकाजवळ एका दुकानाच्या वर त्याचं ऑफिस आहे. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, सगळं तिथे होतं. गिऱ्हाइकांच्या बॅगा तोलायला त्याने मला दाराशी टांगलं.

मित्रांनो, तेव्हापासून मी सगळं जग किलोत ओळखतो. नकाशा मला कळत नाही, विमानात न्यायच्या सामानाची मर्यादा कळते. कुठला देश तेवीस किलोचा, कुठला तीसचा, कुठला दोन वेळा तेवीसचा, एवढं विचारा. आणि माणसंही मला बॅगेवरूनच कळतात. "आठवडाभर जातोय, फिरून येतो," म्हणणाऱ्याच्या बॅगेत मी कुकर, खलबत्ता आणि वर्षभराचं लोणचं तोललंय. तोंड काहीही बोलो, बॅग खोटं बोलत नाही. मात्र पंचवीसच्या वरच्या बॅगा ओढून ओढून माझी स्प्रिंग सैलावली. आकड्याला काही नसतानासुद्धा सुई अर्ध्या किलोवर उभी राहू लागली. श्रीनाथने ते पाहिलं होतं. पण काट्याने जास्ती दाखवलं की गिऱ्हाईक दोन वस्तू काढून ठेवतं, विमानतळावर अडत नाही आणि नावं ठेवायला परत येत नाही. त्याला खोटं शून्य सोयीचं होतं.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात सुलूबाई आणि त्यांचे यजमान अरविंदकाका जिना चढून आले. सुलूबाई आता निवृत्त झालेल्या. काका बँकेतून निवृत्त; चहाच्या दुकानाचं बिलसुद्धा घडी करून जपणारे. मुलगी मानसी परदेशात, दोन वेळा तेवीसवाल्या एका थंड देशात, आणि रंगपंचमीच्या आसपास ती बाळंत होणार होती. सुलूबाईंनी बॅग आत्ताच भरून आणली होती. व्हिसाच्या आधी बॅग भरणारं गिऱ्हाईक श्रीनाथने पहिल्यांदाच बघितलं.

त्यांनी बॅग अडकवायला मला धरलं आणि हात थांबला. मला उलटं करून पाठ बघितली. लाल रंग उडाला होता, तरी सतरा वाचता येत होतं. माझ्या डोक्यावरचा स्क्रू शोधला, नखाने गंज खरवडला आणि सुई शून्यावर आणली. श्रीनाथ म्हणाला, "काकू, राहू द्या ना, चालतंय." त्या म्हणाल्या, "चालत नव्हतं." मग बॅग लावली. बावीस किलो. त्यात डिंक होता, अळीव होते, बाळंतशोप होती, मालिशच्या तेलाच्या बाटल्या होत्या आणि जुन्या सुती साड्यांची धुऊन मऊ केलेली दुपटी होती. स्वतःसाठी म्हणाल तर चार साड्या आणि एक स्वेटर.

ही बॅग डोळ्यांसमोर लटकत असताना श्रीनाथने दोन रस्ते सांगितले. पहिला सहलीचा व्हिसा. त्यावर महिनाभर राहता येतं, कागद कमी, काम झटपट. महिना संपला की तिकडे गेल्यावर वाढवून घेऊ, सब हो जाता है. दुसरा कुटुंबाला भेटायला जाण्याचा. त्यावर सहा महिने राहता येतं, पण कागद फार आणि वेळ फार. त्याच्या मते शहाण्या माणसाने पहिला धरावा. "घूमने जा रहे हैं, बस. एवढंच लिहायचं असतं, काकू."

त्या शब्दाशी सुलूबाई अडल्या. दोन वर्षांपूर्वी मानसीचं पहिलं बाळ सहाव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. तेव्हा सुलूबाई नोकरीत होत्या आणि रजा मिळाली नाही, म्हणून गेल्या नाहीत. दवाखान्यात मानसी शुद्धीवर आली तेव्हा तिच्याजवळ जावई यशोधन होता, पण आई नव्हती. फोनवर तिने एवढंच विचारलं होतं, "आई, तू कुठे आहेस?" या वेळी तू डोळे उघडशील तेव्हा मी समोर असेन, असं त्यांनी लेकीला वचन दिलं होतं. आणि तिथे जायचं ते फिरायला?

"मुलगी बाळंत होणार आणि मी घूमने चालले, असं लिहू?" त्या म्हणाल्या. "खरं कारण लिही. मी बाळंतपण करायला चालले."

श्रीनाथने नाइलाजाने दुसरा रस्ता धरला आणि अर्जासोबतच्या सुलूबाईंच्या पत्राचं इंग्रजी केलं. शब्दाला शब्द ठेवून. चूक झाली ती इथे, मित्रांनो, आणि ती फक्त आपल्याच माणसांच्या हातून होऊ शकते. आपल्याकडे मुलीचं बाळंतपण आई 'करते'. तेल, अंघोळ, धुरी, लाडू, रात्रीचं जागरण, सगळं त्या एका शब्दात येतं, आणि ते करण्याचा आईला अभिमान असतो. त्या भाषेत मात्र बाळंतपण 'करते' ती डॉक्टरीण, नाहीतर पगारी दाई.

त्यावर श्रीनाथचं जुनं तत्त्व, की फाईल वजनदार पाहिजे. जो सापडेल तो कागद त्याने लावला. बँकेची पुस्तकं, घराचे कागद, लग्नाचे फोटो. आणि सगळ्यांत वर सुलूबाईंचं सन्मानपत्र: माता आणि बालसंगोपनाच्या कामाचा एकतीस वर्षांचा अनुभव. "ये देखो काकू, हे पाहिलं की साहेब उठून सलाम करणार." सुलूबाई नको नको म्हणाल्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते नको दिसलं नाही. गंमत म्हणून श्रीनाथने फाईल माझ्या आकड्याला अडकवली. दोन किलो सहाशे. काका म्हणाले, बँकेत एवढ्या कागदांवर कारखान्याला कर्ज दिलं असतं. तिघंही हसले. पैसे भरले, दिल्लीला जाऊन बोटांचे ठसे दिले आणि वाट बघणं सुरू झालं.

शिवरात्रीच्या चार दिवस आधी उत्तर आलं. अरविंदकाकांनी ते मोबाइलवर उघडलं आणि बँकेतल्या संथ आवाजात मराठी करून वाचलं. आपल्याला या कामाचा दीर्घ अनुभव आहे. तेच काम करायला येत आहोत, असं आपण स्वतः लिहिलं आहे. या व्हिसावर काम करता येत नाही. सबब अर्ज नामंजूर.

"काम?" सुलूबाई म्हणाल्या. बराच वेळ त्या हा एकच शब्द तोंडात घोळवत राहिल्या. ज्या कागदाचा त्यांना सगळ्यांत जास्त अभिमान होता, त्यानेच त्यांना दाई ठरवलं होतं.

श्रीनाथ ओशाळला, पण थांबला नाही. त्याने लगेच दुसरा फॉर्म भरून काढला. सहल. दहा दिवस. हॉटेल तो लावून देणार होता. मुलीचं नाव कुठेच नाही. आधी कधी नकार मिळाला आहे का, या प्रश्नापुढे त्याने 'नाही' टाकून दिलं होतं. आठ दिवसांत व्हिसा हातात येईल, असं तो म्हणाला, आणि बाळंतपणाला तीन आठवडे उरले होते. अरविंदकाका आयुष्यात कधी खोट्या कागदावर सही न केलेले, पण तेही म्हणाले, "अगं, कर सही. एक शब्द तर आहे. ती तिकडे एकटी आहे."

सुलूबाईंनी पेन घेतलं. टोपण काढलं. मित्रांनो, त्या वेळी मी काही तोलत नव्हतो, तरी माझी स्प्रिंग ताणल्यासारखी झाली होती. एका पारड्यात लेकीचे उघडणारे डोळे होते. दुसऱ्या पारड्यात काय होतं, हे त्या खोलीत फक्त दोघांना ठाऊक होतं, त्यांना आणि मला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"श्रीनाथ, हा काटा माझ्या हाताखालचा आहे," त्या म्हणाल्या. "याच्याखाली एक पोरगी बसली होती, रामकन्या. तिचं वजन आम्ही दोन किलोने वाढवलं. लिहिलं सेविकेने, सही माझी. खोटं वजन लिहिलं की मूल रजिस्टरात जाड होतं, घरात नाही होत."

श्रीनाथ म्हणाला, "काकू, तिथली गोष्ट वेगळी. इथे कोणाचं काय जातंय?"

"तेव्हा न तोलता सही करताना मीही हेच म्हटलं होतं."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. काका खिडकीपाशी जाऊन टावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. श्रीनाथने तो फॉर्म आपणहून फाडला आणि बोटांवर दिवस मोजले. कुटुंबभेटीचाच अर्ज पुन्हा केला तर रंगपंचमी निघून जाईल, असं तो हळूच म्हणाला. "मला मोजता येतं," सुलूबाई म्हणाल्या.

या वेळचं पत्र त्यांनी स्वतः सांगितलं. पाच ओळी. माझ्या मुलीला बाळ होणार आहे. पहिलं गेलं. या वेळी मला तिच्या सोबतीला राहायचं आहे. सहा महिन्यांनी मी परत येईन, कारण माझं घर आणि माझे यजमान उज्जैनला आहेत. मागचा अर्ज नामंजूर झाला होता. त्यात मी शब्द चुकीचा वापरला, हेतू चुकीचा नव्हता. कारणाच्या रकान्यात श्रीनाथने 'भेट' लिहिलं. इतके दिवस तो शब्द सुलूबाईंना हलका वाटत होता. आता त्यांनी तो दोनदा वाचला आणि राहू दिला. सन्मानपत्र घरीच राहिलं. श्रीनाथने सवयीने फाईल मला अडकवली. माझी सुई जेमतेम थरथरली.

बाळाने रंगपंचमीचीही वाट पाहिली नाही. ते होळीच्या दुसऱ्या दिवशी, धुलेंडीलाच आलं. दुसऱ्या दिवशी सुलूबाई व्हिसाची चौकशी करायला आल्या तेव्हा श्रीनाथच्या कानामागे गुलाबी रंग तसाच होता. त्यांनी सांगितलं की मुलगा झाला, दोघं बरी आहेत, वजन दोन किलो सहाशे. श्रीनाथने अभिनंदन केलं, मग एकदम माझ्याकडे पाहिलं. त्यालाही आठवलं असावं. त्या पहिल्या फाईलचं वजन बरोबर तेवढंच होतं.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी व्हिसा आला. बॅग परत तोलायला सुलूबाई आल्या तेव्हा दाराशी नवा काटा लागला होता, हातात मावणारा, आकडे उजेडात दाखवणारा. मी टेबलाखाली पडलो होतो. त्यांनी मला मागितलं. फुकट काही न देणारा श्रीनाथ म्हणाला, "घेऊन जा काकू. तुमचाच आहे." दुपट्यांत गुंडाळून त्यांनी मला बॅगेत ठेवलं. इतकी वर्षं बॅगा तोलल्यावर मी पहिल्यांदाच बॅगेत बसलो. माझ्यामुळे किलोभर डिंक मागे राहिला.

तिकडच्या विमानतळावर एका अधिकाऱ्याने बॅग उघडली आणि मला बाहेर काढलं. हे काय आहे, असं त्याने विचारलं. नातवाला तोलायचा काटा, असं सुलूबाईंनी जपून जुळवलेल्या इंग्रजीत सांगितलं. त्याने पुढे विचारलं, की मग तुम्ही बाळाला सांभाळणार का? प्रश्न तोच होता, ज्याने पहिली फाईल बुडवली होती.

"मांडीवर घेणार," त्या म्हणाल्या. "आजी आहे मी. आजीला पगार नसतो."

त्याने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ते पाच ओळींचं पत्र वाचलं आणि शिक्का मारला.

त्या पोचल्या तेव्हा बाळ एकोणीस दिवसांचं होतं. मानसीने दार उघडलं. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले. "उशीर केलास, आई," ती म्हणाली. सुलूबाई फक्त "हो" म्हणाल्या. खोट्या फॉर्मवर वेळेत येता आलं असतं, हे त्यांनी तेव्हा सांगितलं नाही. पुढेही सांगितल्याचं मी ऐकलं नाही. मानसीने बाळ त्यांच्या हातात दिलं आणि तिथेच जमिनीवर बसून, आईच्या गुडघ्याला डोकं टेकून रडली. एकोणीस दिवसांचं साचलेलं रडणं होतं ते.

दुसऱ्या दिवशी यशोधनने मला दोन्ही हातांनी उंच धरलं. सुलूबाईंनी आकड्याला जुन्या साडीची झोळी बांधली, स्क्रू फिरवला, झोळीसकट सुई शून्यावर आणली आणि मग बाळ आत ठेवलं. खाली त्यांचा तळहात होता, न टेकलेला. माझी सुई थांबली. तीन किलो शंभर. मानसी म्हणाली, "सव्वातीन लिही ना, आई, यशोधनच्या आईला सांगायला बरं." सुलूबाईंनी वहीत तीन किलो शंभर लिहिलं.

तर मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. आम्हा काट्यांना भलतं ओझं लावून ओढू नका, आणि काहीही तोलण्याआधी, धान्य असो, माणूस असो की स्वतःचा एखादा शब्द, सुई शून्यावर आहे ना, ते बघा. आम्ही दाखवू ते लिहा. तेवढ्यावर आम्ही जन्मभर टिकतो.

राहिला हिशेब. श्रीनाथने दिला एक जुना काटा आणि फाडलेला एक फॉर्म. अरविंदकाकांनी दिली सहा महिन्यांची आपल्या हातची फिकी भाजी आणि रिकामं घर. मानसीने दिले एकोणीस दिवस. सुलूबाईंनी दिलं ते वचन, जे त्यांना पाळता आलं नाही. पण या सगळ्यांच्या आधी, आणि सगळ्यांहून जास्त, एका मुलीने दिलं होतं. तिचं वजन सात किलो आठशे होतं. मी खरं सांगितलं होतं.